पाच पोळ्या, रुपयाएवढ्या

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एक चपटा स्टीलचा डबा असतो. त्यावर पट्टी चिकटवून मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'हे माणसांचं नाही.' तरी महिन्यातून एकदा कोणीतरी पाहुणा त्यातली एक टिक्की तोंडात टाकतोच आणि तुझ्या हाताची चव गेली म्हणून मला ऐकवतो. त्यात मीठ नसतं, तेल नसतं, गूळ नसतो. वाफवलेलं कोहळं आणि ज्वारीचं पीठ, बस. बाकीचा महाराष्ट्र ज्याला लाल भोपळा म्हणतो त्याला आम्ही वऱ्हाडात कोहळं म्हणतो. आमच्या लग्नाच्या पंगतीत ते हटकून असतं आणि लहानपणी मला ते बघवत नसे. आता मी आठवड्याला एक फोड चिरते, तीही एका कुत्रीसाठी.

मी मुळात काही श्वानप्रेमी वगैरे बाई नाही. ही कुत्री आमच्या शाळेच्या फाटकाशी सापडली. भुरी, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. दोन दिवस ठेवते म्हणून घरी आणली, त्याला आता सहा वर्षं होतील. नवरा नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात, सकाळी सातला घराबाहेर. मी अमरावतीतल्या शाळेत, साडेदहाला. त्यामुळे दिवसभर ती एकटी असायची आणि माझ्या चपला खायची.

मग मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. पातूरजवळच्या गावात त्यांची काळी, कसदार जमीन. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या, त्यानंतर वर्षभराने त्यांनी बैलजोडी ओळखीच्या चांगल्या घरी दिली, शेत पुतण्याच्या हवाली केलं आणि एका पिशवीत कपडे घेऊन आमच्याकडे राहायला आले. पिशवीत खाली बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एक पट्टा होता. तो त्यांनी बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवला आणि त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

सून आणि सासरा यांच्यात बोलण्यासारखं काय असतं? 'चहा देऊ का', 'औषध घेतलं का', एवढंच. त्यातून माझा स्वभाव तिखट, तोंडाला लगाम कमी. मामाजी फार मोजकं बोलणारे. पण कुत्रीशी ते तासन्‌तास बोलत. मला काही सांगायचं असलं की तेही तिच्यामार्फत येई. "माय, आज भाजीत मीठ जास्त झालं, सांग तुह्या मालकिणीले." तीही त्यांच्या पायाशी बसून मान वाकडी करून ऐकायची. दुपारी भाकरीचा अर्धा चतकोर तिचा, ठरलेला. त्यांच्या हातातून ती तो इतक्या हळू घ्यायची की मला तिचं कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही. माझ्या हातातून मात्र हिसकून घ्यायची.

ते आल्यानंतरचा पहिला पोळा. बैल नाहीत, गोठा नाही, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण देतात. मी संध्याकाळी शाळेतून आले तर मामाजी बाल्कनीत मांडी घालून बसले होते, समोर कुत्री, आणि ते तिच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते. ती चाटायची, ते पुन्हा लावायचे. मग त्यांनी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मला हसू फुटलं. मी फोन काढून फोटोही घेतला आणि तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. हे सगळं आठवलं की त्या हसण्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुरण मी शिजवलं. वेलची घातली, जायफळ घातलं. जायफळ मी सढळ हाताने किसते, माझ्या आईची सवय. मामाजींनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन नैवेद्याचं एक ताट मागितलं. बैलाचं ताट म्हणजे पाच पोळ्या, हे मला माहीत होतं. आमच्याकडची पोळी म्हणजे पुरणाने टच्च भरलेली, आणि वर तूप, तेही वाटीने. मी पाच पोळ्या वाढल्या, तुपाची वाटी भरून ठेवली आणि ताट त्यांच्या हातात दिलं. घुंगरांच्या पट्ट्यापुढे ठेवतील असं वाटलं असेल मला. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं, मी पोळ्या लाटण्याच्या घाईत होते.

मामाजींनी ते ताट निमंत्रण दिलेल्या पाहुण्याला वाढलं. बैलाच्या हिशोबाने, अठरा किलोच्या कुत्रीला.

संध्याकाळपर्यंत ती उलट्या करू लागली. मग पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभी राहिली, बसेना, पाणी पिईना, पोटाला हात लावू देईना. आम्ही तिला चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिने काय खाल्लं, असं त्यांनी विचारल्यावर मामाजींनी सरळ सांगितलं, पाच पोळ्या अन् वाटीभर तूप, मीच देलं. पुरणात जायफळ होतं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी हळूच हो म्हटलं. एवढ्या तुपाने स्वादुपिंडाला सूज आली आहे, त्या म्हणाल्या, आणि जायफळही कुत्र्यांना वाईट, त्यात भर पडली. वाचेल की नाही हे उद्या सांगते.

तीन दिवस सलाईन चाललं. तिसऱ्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि चार चमचे पेज प्यायली. घरी आणली त्या संध्याकाळी मामाजी भाजी-भाकरी खात होते. ती लटपटत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात सवयीने भाकरीकडे गेला. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. शब्दशः सांगते, कारण ते मी अजून विसरलेले नाही.

"मामाजी, तुमच्या हातचं तिले काहीच देऊ नका आता. कधीच."

त्यांनी चतकोर ताटात परत ठेवला आणि 'बरं' म्हणाले. नवऱ्यानेही बापाला दोन शब्द सुनावले, बाबा, आता तुमचं खेडं इथं आणू नका म्हणून. मी ऐकत उभी होते. जायफळ कोणी किसलं, ताट कोणी भरलं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मामाजी जेवताना पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसू लागले. कुत्री जवळ गेली की दोन्ही रिकामे तळहात तिला दाखवायचे. तिला काही कळायचं नाही, ती तळहात चाटायची आणि ते हात मागे ओढून घ्यायचे. तिच्याशी बोलणं बंद झालं, त्यामुळे माझ्याशीही बंद झालं. दसरा झाला आणि ते अकोल्याला लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, चार दिवस म्हणून गेले. दिवाळी होऊन गेली तरी आले नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचे, पाहू. आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही.

कुत्री रोज दुपारी त्यांच्या रिकाम्या गादीवर जाऊन बसायची. मी शाळेतून आले की ते दृश्य बघायचं, चहा करायचा आणि स्वतःवर चिडायचं. शेवटी एकदा मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, आमच्या या कुत्रीबाईला घरात काय देता येईल तेवढं सांगा, म्हणजे एक म्हातारा माणूस तिला हाताने काही देऊ शकेल. त्या हसल्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, जायफळ, तूप, तळलेलं, गोड, यातलं काहीच नाही, असं त्यांनी सांगितलं. फळांच्या बियाही नाहीत. बाकी थोडंथोडं, नखाएवढं, आणि नवीन पदार्थ एका वेळी एकच. हा खाऊ आहे, जेवण नव्हे, हे दोनदा बजावलं. मी ते सगळं वहीच्या पानावर लिहून फ्रिजला लावलं.

पहिल्यांदा केलेल्या कोहळ्याच्या टिक्क्या दगड झाल्या. नवऱ्याने त्यातली एक चहात बुडवून खाल्ली आणि दाढ सांभाळत कामावर गेला. दुसऱ्यांदा त्या आतून चिकट राहिल्या. मग मला सुचलं, विचारण्यासारखा माणूस तर अकोल्यात बसला आहे. मी मामाजींना फोन लावला. कुत्रीचं नावही काढलं नाही. कोहळं पाणचट निघतं, पीठ सैल होतं, काय करू, एवढंच विचारलं.

मामाजी म्हणाले, देठ वाळलेलं, बोटानं वाजवलं तर भरीव वाजेल असं घे, अन् शिजवल्यावर फडक्यात बांधून टांगून ठेव, पाणी निथळू दे. ज्वारीचं पीठ जुनं घेऊ नको. कोणासाठी करते हे त्यांनी विचारलं नाही. त्या वेळच्या टिक्क्या जमल्या. मंद तव्यावर दोन्हीकडून भाजल्या, वरून खरपूस, आतून मऊ. कुत्रीने एक माझ्या हातातून हिसकून घेतली आणि दुसरीसाठी बसून राहिली.

थंडी सुरू झाली तशी फोनवरची ओळख वाढत गेली. गाजर वाफवून देऊ का? दे, पण बारीक चिरून, ती चावत नाही, गिळते. म्हणजे आता ते उघड कुत्रीबद्दलच बोलत होते. संत्र्याची फोड? साल काढ, पांढरा धागा काढ, बिया तर काढच, अन् दोन फोडींच्या वर नको, आंबट हाये. हे ते कुठल्या ज्ञानाने सांगत होते देव जाणे. मी प्रत्येक गोष्ट डॉक्टरीणबाईंना विचारून मगच करत होते, पण त्यांना तसं सांगितलं नाही.

पौषातल्या एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. कुत्रीला मागच्या सीटवर बसवली, डबा मांडीवर घेतला आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला गेलो. मामाजी नणंदेच्या अंगणात उन्हाला बसले होते. गाडीचं दार उघडताच कुत्रीने उडी मारली आणि त्यांच्याकडे धावत सुटली. मामाजी उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

ते हात पाठीमागे गेलेले मी बघितले. पोलिसाने झडती घेताना माणूस जसा उभा राहतो तसे ते कुत्रीपुढे उभे होते. ती समोरून नाचली, मग वळसा घालून मागे गेली आणि नाक खुपसून त्यांच्या मुठी उघडू लागली. "बाई," ते मला म्हणाले, "सांग हिले, माह्याजवळ काही नाई."

मी डबा उघडला आणि एक टिक्की त्यांच्यापुढे धरली. तुम्ही द्या, म्हटलं. त्यांनी मान हलवली, तूच दे.

मग मात्र मला बोलावं लागलं. नवरा आत बहिणीशी बोलत होता, अंगणात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मामाजी, जायफळ म्या किसलं होतं. ताटबी म्याच भरून देल्लं. तुमच्या हातचं नव्हतं ते, माह्या हातचं होतं."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "वास आला होता मले."

"मंग बोलले काहून नाई? तुमचा पोरगा बोलून राहिला होता तुमाले."

"तुले बोलला असता मंग."

एवढंच. तीन महिने हा माणूस माझ्या वाट्याचं बोलणं खाऊन अकोल्यात बसला होता आणि वर मला कोहळं कसं निवडायचं ते सांगत होता. मला माफी मागायची होती, पण शब्दच सुचेनात. नको तेव्हा ते मला भरपूर सुचतात. त्यांनी माझ्या हातातली टिक्की घेतली, हुंगली, एक तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला. मीठ नाई यात, असं म्हणाले. तिच्यासाठी आहे, म्हटलं. उरलेला तुकडा त्यांनी डब्यात परत ठेवला. कुत्रीला दिला नाही. आमच्याबरोबर आलेही नाहीत. पाहू, म्हणाले.

चैत्र लागला. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुपारी अंगणातल्या नळालाही हात लावता येत नाही. एका सकाळी मामाजींचा फोन आला, आपणहून, पहिल्यांदाच. टरबूज चालते का तिले? मी म्हटलं, चालतं, बिया आणि साल काढून. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने अमरावतीला आले, एका हातात तीच कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात टरबूज.

त्या उन्हाळ्यात आमची दुपारची एक नवी कामाची पद्धत बसली. दुधाची साय काढायची, त्याचं दही लावायचं, पातळ ताक करायचं, मीठ-साखर काही नाही. टरबुजाच्या फोडी बर्फाच्या साच्यात टाकायच्या, वर ताक ओतायचं, गोठवायचं. बिया काढायचं काम मामाजींचं. चष्मा लावून, दाभण घेऊन, एकेक बी ते असं काढायचे की जणू लेकीच्या पायातला काटा काढत आहेत. पांढऱ्या बियाही सोडायचे नाहीत. मी म्हणायची, मामाजी, एखादी राहिली तर चालते. ते म्हणायचे, तुले चालत असंल. साचा निघाला की गुलाबी-पांढरे खडे ते तिच्या वाडग्यात टाकायचे आणि बाजूला सरकून बसायचे. ती कडकड चावायची, ते बघायचे. पण हाताने काही द्यायचे नाहीत. मीही आग्रह केला नाही. मी एकदा जे बोलले होते ते परत घेण्याचा एकच रस्ता होता, तो म्हणजे वाट बघणं, आणि तेच मला सगळ्यात कमी जमतं.

आणि पुन्हा पोळा आला.

आदल्या संध्याकाळी मी पुरणाची डाळ निवडत होते. बाल्कनीतून घुंगरांचा आवाज आला. मामाजींनी पट्टा खिळ्यावरून काढून पुसायला घेतला होता. कुत्री समोर. या वेळी हळद-लोणी नव्हतं. गरम पाण्यात फडकं पिळून ते तिचे खांदे शेकत होते. तिने डोळे मिटून घेतले होते. मग ते वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी हसले नाही.

थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी मान खाली घालून डाळीतले खडे शोधत होते. ते पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला वाटलं, देवाला म्हणत असतील, किंवा गावातल्या त्या जोडीला, जी आता दुसऱ्याच्या गोठ्यात होती. मी हं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुरण केलं. जायफळाची डबी मी गेल्या वर्षीच शेजारणीला देऊन टाकली होती. आमचा स्वयंपाक झाल्यावर मी ज्वारीची उकड काढली, त्यात निथळलेलं कोहळं भरलं आणि पोळ्या लाटल्या. पाच. रुपयाएवढ्या. एक माझ्या नखाने फाटली, तर ती मोडून पुन्हा केली. कोरड्या तव्यावर भाजल्या, गार केल्या, पळसाच्या पानावर मांडल्या आणि पान मामाजींपुढे नेलं.

त्यांनी बोटाने एकेक मोजली. "पाच?" त्यांनी विचारलं.

"पाचच," मी म्हटलं. "पाहुणी हाये न ती."

त्यांनी एक पोळी उचलली. कुत्री पुढे आली. वर्षभर त्या हातातून तिला काही मिळालं नव्हतं, पण ती हळू घेणं विसरली नव्हती. तिने ती पोळी त्यांच्या बोटांना दात न लागू देता उचलली. मग दुसरी. पाचवी संपल्यावर ती त्यांचा तळहात चाटत राहिली आणि त्यांनी तो मागे घेतला नाही. "माय," ते तिला म्हणाले, "बारीक झाली तू." खरं तर ती चांगली गुटगुटीत होती.

मी पान उचलून आत गेले आणि पोळ्या तव्यावर गरम करायला घेतल्या. सणाला मी वाढणारी, सगळ्यांत शेवटी बसणारी. आमच्या घरात तसंच चालत आलं आहे आणि गरम पोळी वाढायची तर कोणीतरी उभं राहावंच लागतं, असं मीच सांगत आले आहे. बाहेर आले तर ताटं दोनाऐवजी तीन मांडलेली होती. तिसरं मामाजींनी स्वतः मांडलं होतं, त्यांच्या शेजारी, पाट टाकून. नवरा आधीच पाटावर बसला होता.

"बस," मामाजी म्हणाले.

मी मागून बसते, असं मी म्हणाले.

"आवतन देल्लं होतं तुले. काल, दारातून. तू हं म्हणाली."

मी बसले. त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली, बोटाने तिला मधोमध खळगा केला आणि तुपाची वाटी उचलून माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलेलं मला आठवत नाही.

"तुले तं चालते न तूप?" ते म्हणाले. "का डाक्टरले इचारू?"

कुत्री माझ्या मांडीला टेकून बसली होती. मी ताट पुढे केलं आणि त्यांनी वाटी पूर्ण रिकामी केली.